मोटारीच्या कॉइल स्प्रिंगची ताठरता

स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला जितके बल लागते ती तिची ताठरता; एकक न्यूटन प्रति मिमी. कॉइल स्प्रिंग दबते तेव्हा तिची तार खरे तर पिळली जाते, म्हणून गणितात पोलादाचा दृढता गुणांक, म्हणजे पिळाला धातू किती विरोध करतो ते सांगणारा आकडा, येतो. स्प्रिंगच्या पोलादासाठी तो सुमारे ७९,००० न्यूटन प्रति चौरस मिमी धरतात.

ताठरता = (दृढता गुणांक × तारेच्या व्यासाचा चौथा घात) ÷ (८ × मध्यव्यासाचा घन × चालते वेढे)

बाहेरच्या व्यासातून तारेचा व्यास वजा केला की मध्यव्यास मिळतो; चालते वेढे म्हणजे प्रत्यक्ष दबणारे वेढे. तार १२ मिमी, बाहेरचा व्यास १३२ मिमी आणि चालते वेढे ६ असल्यास ताठरता १९.७५ येते.

सर्वांत महागात पडते ती तारेच्या मापातली चूक. रंगाच्या थराने माप १२.३ मिमी आले, तर चौथ्या घातामुळे उत्तर १० टक्क्यांनी फुगते. म्हणून रंग खरवडून व्हर्नियरने दोन-तीन ठिकाणी मोजावे. वेढे मोजताना बैठकीवर टेकलेला आणि शेजारच्या वेढ्याला कायम चिकटलेला भाग सोडायचा. घासून चकाकलेल्या खुणांवरून तो ओळखता येतो. दोन्ही टोके बंद असतील तर साधारण दोन वेढे कमी होतात. वेढ्यांमधले अंतर असमान असेल, तर दाबताना काही वेढे आधीच मिटतात आणि ताठरता वाढत जाते. अशा स्प्रिंगला सूत्राचा एकच आकडा लागू पडत नाही; ती प्रेसखाली टप्प्याटप्प्याने दाबून प्रत्येक टप्प्याची बलवाढ त्या टप्प्यातल्या दबण्याने भागावी. साध्या स्प्रिंगचीही अशी पडताळणी करावी, मात्र सुरुवातीचे आणि शेवटचे दबणे हिशेबात घेऊ नये.

गाडी बसली की स्प्रिंग 'मऊ झाली' म्हणतात, ते बरोबर नाही. तिची मोकळी (भार नसतानाची) उंची घटलेली असते. तार गंजून बारीक झाली नसेल तर ताठरता जवळपास तीच राहते. उलट, गाडी खाली आणायला एक वेढा कापला, तर वरच्या उदाहरणात ताठरता २३.७ होते. शिवाय कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. हा उपाय टाळावाच.

चाकाशी जाणवणारी ताठरता वेगळी असते. चाक १ मिमी उचलल्यावर स्प्रिंग ०.७ मिमी दबत असेल, तर ०.७ च्या वर्गाने गुणावे लागते: १९.७५ चे ९.७ उरतात. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेल्या चाकाच्या खांबात) हे गुणोत्तर १ च्या जवळ असल्याने घट थोडीच होते.