मरणोत्तर पोलीस शौर्यसन्मान (भारत)

कर्तव्य बजावताना प्राण गमावलेल्या पोलिसांचा शासनातर्फे होणारा गौरव. त्याच्या दोन वाटा आहेत: शौर्यपदक आणि पोलीस स्मृतिदिनाचे नामवाचन. या दोन्हींची अनेकदा गल्लत होते. पदकासाठी त्या प्रसंगातले शौर्य कागदोपत्री मांडावे लागते. नामवाचनासाठी कर्तव्यावर मृत्यू आला एवढे पुरेसे असते.

नामवाचनाचे मूळ लडाखमध्ये आहे. ऑक्टोबर १९५९ मध्ये हॉट स्प्रिंग्ज भागात टेहळणीला गेलेले दोन शिपाई आणि त्यांच्याबरोबरचा हमाल परतले नाहीत. २१ ऑक्टोबरला अधिकारी करमसिंग यांच्या नेतृत्वाखाली शोधतुकडी निघाली. टेकडीवरून चिनी सैनिकांनी तिच्यावर गोळीबार केला आणि दहा पोलीस ठार झाले. त्यांचे मृतदेह १३ नोव्हेंबरला ताब्यात मिळाले आणि अंत्यसंस्कार तिथेच, त्या उंचीवर झाले. जानेवारी १९६० मध्ये राज्यांच्या पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेने २१ ऑक्टोबर हा देशभर स्मृतिदिन म्हणून पाळण्याचे ठरवले.

या दिवशी पोलीस मुख्यालयांच्या मैदानांवर सकाळी संचलन होते. बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ वाजते, जवान शोकशस्त्र करतात, म्हणजे बंदुकीची नळी जमिनीकडे करून मान झुकवतात. गेल्या १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या वर्षात देशभरात मृत्यू पावलेल्यांची नावे वाचली जातात. यादी लांबते, ऊन चढत जाते, तरी वाचणारा घाई करत नाही. सगळ्या सोहळ्याचा गाभा हाच आहे. ज्याच्या धाडसाला साक्षीदार उरला नाही, त्याचेही नाव इथे मोठ्याने घेतले जाते.

पदकांची पद्धत निराळी. पोलिसांसाठीची राष्ट्रपतींची पदके १९५१ मध्ये सुरू झाली. शौर्यासाठी ‘राष्ट्रपतींचे पोलीस शौर्यपदक’ आणि ‘पोलीस शौर्यपदक’ अशी दोन होती. पुढे पोलीस, अग्निशमन, गृहरक्षक दल आणि कारागृह विभाग यांची पदके एकत्र करण्यात आली. २०२४ पासून ती ‘राष्ट्रपतींचे शौर्यपदक’ आणि ‘शौर्यपदक’ या नावांनी जाहीर होतात. राज्य शासन शिफारस करते, केंद्रीय गृह मंत्रालय छाननी करते आणि प्रजासत्ताक दिन व स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने नावे प्रसिद्ध होतात. मरणोत्तर प्रस्तावात खरी अडचण साक्षीची असते. ज्याने केले तो सांगायला नसतो. त्यामुळे सोबतच्या सहकाऱ्यांचे जबाब निर्णायक ठरतात.

अशोकचक्र हा शांतताकाळातील सर्वोच्च शौर्यपुरस्कार पोलिसांनाही मिळू शकतो. धनबाद येथे जानेवारी १९९१ मध्ये बँक दरोडेखोरांशी लढताना मृत्यू आलेले पोलीस अधीक्षक रणधीर वर्मा, तसेच १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवरील हल्ल्यात सहकाऱ्यांना सावध करताना गोळ्या लागलेल्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या शिपाई कमलेश कुमारी यांना ते मरणोत्तर मिळाले.

महाराष्ट्राच्या मनात घर करून आहे ती मुंबईवरील हल्ल्याची, २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र. मध्यरात्रीनंतर गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर दहशतवाद्यांची मोटार अडवली गेली. सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. सातारा जिल्ह्यातील केडंबे या गावचे ओंबळे लष्करातून निवृत्त होऊन पोलिसात आले होते. त्यांनी कसाबच्या रायफलची नळी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या पोटात शिरल्या तरी पकड सुटली नाही आणि तेवढ्या वेळात सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले. पुढचा सगळा खटला त्या पकडीवर उभा राहिला. त्याच हल्ल्यात मृत्यू आलेले हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि ओंबळे यांचे अशोकचक्र २६ जानेवारी २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्यांच्या पत्नींनी स्वीकारले. सहपोलीस आयुक्त दर्जाचा अधिकारी आणि सहायक फौजदार यांना एकच पदक मिळाले, ही गोष्ट फार मोलाची आहे.

‘शहीद’ हा शब्द लोकांच्या तोंडी आणि स्मारकांवर सर्रास असला, तरी सैन्य वा केंद्रीय पोलीस दलांसाठी त्याची अधिकृत व्याख्या नाही, असे सरकारने २०१५ मध्ये लोकसभेत सांगितले. कुटुंबाला सानुग्रह अनुदान, निवृत्तिवेतन आणि अनुकंपा नोकरी मिळते ती त्या त्या शासनाच्या नियमांनुसार.

दिल्लीतील चाणक्यपुरी येथे २१ ऑक्टोबर २०१८ रोजी राष्ट्रीय पोलीस स्मारकाचे उद्घाटन झाले. मध्यभागी ३० फूट उंच, २३८ टन वजनाची ग्रॅनाइटची शिला आहे. शौर्यभिंतीवर तेव्हा ३४,८४४ नावे कोरलेली होती. दर वर्षी त्यांत नव्या नावांची भर पडते.