पार्थेनॉन कोणतं आणि हेफेस्टसचं देऊळ कोणतं?

अथेन्स पाहून आलेल्या विद्यार्थ्यांच्या अहवालांत एक चूक हमखास सापडते. फोटोत छप्पर शाबूत असलेलं देऊळ आणि खाली नाव ‘पार्थेनॉन’. पार्थेनॉनला, म्हणजे ॲक्रोपोलिसवरच्या अथेना देवीच्या देवळाला, छप्पर कुठून असणार? १६८७ साली तुर्कांनी आत दारूगोळा साठवला होता, त्यावर व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा पडला आणि देवळाचा मधला भाग उडाला. फोटोतलं देऊळ ॲक्रोपोलिसच्या पायथ्याशी, अगोराच्या (जुन्या बाजारचौकाच्या) कडेला असलेलं, हेफेस्टस या लोहारकामाच्या ग्रीक देवाचं. (ॲक्रोपोलिस हे टेकडीचं नाव, देवळाचं नाही. हाही घोळ नेहमीचाच.)

चूक समजण्यासारखी आहे. दोन्ही देवळं डोरिक (साध्या, जाड खांबांच्या ग्रीक) शैलीची, दोन्हींना पेंटेली डोंगराचा संगमरवर, दोन्हींचं काम इ. स. पू. पाचव्या शतकाच्या मध्याला सुरू झालेलं. पार्थेनॉनचं ४४७ मध्ये, हेफेस्टसचं त्याच सुमारास.

खात्रीची खूण म्हणजे खांब. पार्थेनॉनला समोर ८ आणि लांब बाजूला १७, हेफेस्टसला ६ आणि १३. कोपऱ्यातला खांब दोन्ही बाजूंच्या मोजणीत धरायचा, पण एकूण काढताना चार वजा करायचे. नाहीतर पार्थेनॉनचे ४६ ऐवजी ५० होतात आणि हेफेस्टसचे ३४ ऐवजी ३८. खांबांची उंचीही वेगळी, सुमारे १०.४ आणि ५.७ मीटर. मात्र फोटोत शेजारी माणूस उभा नसेल तर हा फरक कळत नाही, कारण प्रमाणं जवळपास सारखीच दिसतात.

दुसरा घोटाळा दिशेचा. ॲक्रोपोलिसच्या प्रवेशद्वारातून आत गेलं की पार्थेनॉनची पश्चिम बाजू समोर येते. ती मागची बाजू. दर्शनी भाग पूर्वेला, म्हणजे पूर्ण वळसा घालून जावं लागतं. घाईतले गट इथूनच परत फिरतात आणि ‘समोरून पाहिलं’ असं लिहितात. हेफेस्टसचं देऊळ मात्र अगोराकडून चढून गेलात तर पूर्वेचा दर्शनी भागच आधी भेटतो.

शिल्पांनीही लोकांना फसवलंय. हेफेस्टसच्या देवळात खांबांवरच्या पट्टीतले १८ चौकोनच कोरलेले आहेत: पूर्वेला १०, त्यांत ग्रीक पुराणकथांतला वीर हेराक्लीस याची कामगिरी, आणि उत्तर-दक्षिण बाजूंना पूर्वेकडचे चार-चार, त्यांत थीसियस या दुसऱ्या वीराची. थीसियस दिसला म्हणून देऊळ त्याचंच मानलं गेलं आणि जवळच्या मेट्रो स्थानकाचं नावही ‘थिसिओ’ पडलं. उलट पार्थेनॉनचे ९२ चौकोन सगळेच कोरलेले. शिवाय गाभाऱ्याभोवती सुमारे १६० मीटरचा सलग शिल्पपट्टा होता. आज त्याचा मोठा हिस्सा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि पायथ्याच्या ॲक्रोपोलिस संग्रहालयात आहे, तेव्हा तो भाग देवळावर शोधत बसू नका.

हेफेस्टसचं देऊळ टिकलं ते चर्च झाल्यामुळे. आतली कमानी छत त्याच काळातली. चर्च पार्थेनॉनचंही झालं, नंतर मशीदही, पण नशीब आडवं आलं. त्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत दगड सांधायला लोखंडी पट्ट्या वापरल्या. प्राचीन कारागीर लोखंडावर शिसं ओतत, इथे ते केलं नाही. लोखंड गंजून फुगलं आणि संगमरवर तडकला. नंतरच्या कामात टायटॅनियम आलं. नवा दगड पेंटेलीचाच, पण पांढराशुभ्र. मधासारखा पिवळसर दगड जुना. देवळावरचे पांढरे ठिगळ पाहून ‘धुऊन काढलंय’ असं लिहू नये.

दोन्ही पाहायची असतील तर आधी हेफेस्टसचं पाहा. डोरिक देवळाचं साधं रूप तिथे डोळ्यांत बसतं. पार्थेनॉनच्या समोरचे आठ खांब हा अपवाद आहे, हेही मग आपोआप लक्षात येतं. दोन्हीकडे गाभाऱ्यात प्रवेश नाही. ॲक्रोपोलिसवरचा संगमरवर पावलांनी गुळगुळीत झालाय, तेव्हा चांगली पकड असलेले बूट घाला.