गुडघे दुखतात म्हणून आलेली मावशी

गुडघ्याची गोळी मागायला आलेल्या मावशीला "वजन कमी करा" म्हणणं सोपं आहे हो, पण सोमवारची ओपीडी, बाहेर रांग, पेशंटमागं दोन मिनिटं, त्यात काय समजावणार? ती म्हणते, "साहेब, मी तं दोनच पोळ्या खातो." खोटं नाही बोलत ती. आधी रोज निंदायला जायची, आता तणनाशक मारलं की निंदण संपलं, ज्वारीच्या भाकरीची जागा रेशनच्या तांदळानं घेतली, गोड चहा मात्र तेवढाच.

आधी मोजण्यातच घोळ. जगात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 30 झाला की लठ्ठपणा, आपल्याकडे 25 लाच धरतात, कारण तेवढ्याच वजनात आपल्या अंगात चरबी जास्त अन् तीही पोटाभोवती. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये स्वतःचा अन् जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरचा फोटो शेजारी शेजारी छापला होता, दोघांचाही बीएमआय 22.3, पण चरबी युडकिनची 9.1 टक्के अन् याज्ञिकांची 21.2! म्हणून काट्यापेक्षा टेप बरी, कमरेचा घेर बाईला 80 सेंटीमीटर, पुरुषाला 90, त्याच्यावर गेलं की सावध. आशाताईच्या फॉर्मातही हे माप आहेच. पण माप घ्यायचं खालची फासळी अन् कमरेचं हाड यांच्या मधोमध, अन् तिथंच जवळपास साडीच्या निऱ्या खोचलेल्या, मग टेपला साडीचंच माप येतं. चारचौघात निऱ्या कोण सोडणार?

बरं, उपास करून वजन उतरवलं तरी शरीर ऐकत नाही, त्याला वाटतं दुष्काळ पडला. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटतं, भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, अन् हे वर्षभरानंतरही पूर्ण जागेवर येत नाही. वजन परत चढतं, डॉक्टर रागावतो, मावशी यायचंच बंद करते. यात चूक तिची कमी, आमची जास्त असं माझं मत. त्यात शुगरसाठी आम्ही देतो त्या ग्लिमेपिराइडनं वजन वाढू शकतं ते वेगळंच, अन् वजन उतरवणारं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन मजुरीत परवडत नाही.

मावशी 80 किलोची. 5 टक्के म्हणजे 4 किलो उतरले तरी बीपी-शुगरला फरक पडतो, अन् किलोमागं गुडघ्यावरचा भार पावलागणिक साधारण 4 किलोनं घटतो. तिनं लगेच हिशोब केला, वेचणीचा कापूस किलोवरच मोजून देते ना ती. "सोळा किलो? म्हंजे गाठोडंच उतरलं की."

बीपीच्या गोळ्या न्यायला महिन्यानं येईल, तेव्हा सिस्टर आतल्या खोलीत नेऊन माप घेईल.