लायनर लॉक की फ्रेम लॉक? घडीचा चाकू घेण्याआधी

नाशिकहून हरिहर, साल्हेरला जाणारे किंवा अडीअडचणीला गाडीत एक दणकट चाकू असावा असं वाटणारे बरेच जण या दोन नावांपाशी गोंधळतात. गोंधळ साहजिक आहे, कारण काम एकच. पातं पूर्ण उघडलं की मुठीतली एक पट्टी बाजूने सरकून पात्याच्या बुडाशी बसते आणि पातं बोटांवर मिटत नाही.

लायनर लॉकमध्ये ही पट्टी मुठीच्या आवरणाखालच्या पातळ पोलादी पत्र्यातून कापलेली असते. फ्रेम लॉकमध्ये त्या बाजूला आवरणच नसतं. मुठीची टायटॅनियमची किंवा स्टीलची अख्खी बाजूच कापून तिचं लॉक केलेलं असतं. चाकू बनवणारे ख्रिस रीव्ह यांच्या सेबेन्झा चाकूमुळे ही रचना गाजली.

‘फ्रेम लॉक जाड, म्हणून मजबूत’ हे सर्रास ऐकायला मिळतं. ते अर्धंच खरं आहे. पट्टी वाकावी म्हणून तिच्या मुळाशी खाच पाडून धातू पातळ केलेला असतो, तो जरूर बघा. तिथली जाडी बरेचदा चांगल्या लायनरच्या आसपासच भरते. फ्रेम लॉकचा खरा फायदा पकडीत आहे. जाड नायलॉनचा दोर कापताना मूठ आवळली, की आपलीच बोटं लॉकला आत दाबून धरतात.

पण त्र्यंबकच्या पावसात ओल्या हाताला गुळगुळीत धातू निसटतो. खरखरीत जी-टेनची (काचतंतू आणि रेझिनच्या कडक पदार्थाची) मूठ तिथे कितीतरी बरी. म्हणून बजेट बेताचं असेल तर स्वस्त, जडशीळ फ्रेम लॉकपेक्षा नीट बनवलेला लायनर लॉक घ्या, असंच मी सांगेन. पात्याचं पोलादही बघा: पावसाळ्यात डी-टू पोलादाला डाग आणि गंज लवकर धरतो. 14सी28एन हे स्टेनलेस पोलाद त्या मानाने निर्धास्त.

हातात घेतल्यावर पातं उघडा आणि पट्टी बुडावर कुठे टेकते ते बघा. नव्या चाकूत ती बुडाच्या रुंदीच्या पहिल्या अर्ध्यात असावी. पार पलीकडे पोचली असेल तर झिजेला जागाच उरलेली नाही. मग पातं हलवून पाहा. डावी-उजवीकडे हलत असेल तर बिजागरीचा स्क्रू आवळून भागतं. वर-खाली हलत असेल तर दोष लॉकचा आहे, तो चाकू परत ठेवा.

कुठलंही लॉक असो, घडीचा चाकू पहारीसारखा वापरू नका; टोक मोडतं. लाकूड फोडायला कोयता न्या.

आणि खिशात घालून शहरात फिरण्याआधी एक लक्षात घ्या. शस्त्र कायद्याच्या नियमांतली पात्याची 9 इंच लांबीची मर्यादा असे चाकू ओलांडत नाहीत, पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघाला की चाकू बाळगण्यावरही बंदी येऊ शकते. ट्रेकला जाताना तो सॅकच्या तळाशी ठेवा, सणावारी, मिरवणुकीच्या काळात घरीच.