बॉक्स टर्टलची शीतनिद्रा आणि त्याआधीचा उपास
(बाहेरच्या आवारात बॉक्स टर्टल, म्हणजे उत्तर अमेरिकेतले जमिनीवर राहणारे लहान कासव, पाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

शरद ऋतूत आमच्याकडे येणारे बहुतेक प्रश्न कुंपण, माती आणि पालापाचोळा यांविषयी असतात. वसंतात येणाऱ्या तक्रारी मात्र पोटाच्या असतात: कासव जागे झाले पण खात नाही, निपचित पडून राहते, तोंडाला दुर्गंधी येते. चौकशी केल्यावर बहुतेक वेळा एकच गोष्ट समोर येते, ती म्हणजे झोपण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी घरातल्या कोणीतरी मायेपोटी त्याला गांडूळ किंवा स्ट्रॉबेरी भरवलेली असते. म्हणून या पत्रकात उपासाविषयी सविस्तर लिहिले आहे.

कासवाचे पचन त्याच्या शरीराच्या तापमानावर चालते आणि ते तापमान सभोवतालच्या हवेवर व मातीवर अवलंबून असते. पारा १० अंश सेल्सियसच्या खाली गेला की आतड्यांचे काम जवळजवळ थांबते. पोटात राहिलेले अन्न पचत नाही, बाहेरही पडत नाही, तिथेच कुजते, आणि त्यातून होणारा वायू व वाढणारे जिवाणू झोपलेल्या कासवाच्या जिवावर उठू शकतात. यासाठी शीतनिद्रेच्या आधीचे दोन ते तीन आठवडे अन्न पूर्ण बंद ठेवावे. हा उपास थंडी पडल्यानंतर सुरू करून उपयोग नाही. दिवसा ऊन मिळत असताना, म्हणजे आतडी काम करत असतानाच तो झाला पाहिजे, तरच पोट रिकामे होते. त्यानंतर तापमान हळूहळू उतरू द्यावे.

खरी परीक्षा असते ती शरदातल्या एखाद्या उबदार दुपारी. कासव पाल्यातून बाहेर येते, मान उंचावून फिरते आणि भुकेले दिसते. त्या दुपारी दिलेला घास पचायला पुढचे कित्येक दिवस ऊब लागते, आणि रात्री तर पारा ४ अंशांवर येतो. अशा वेळी पाणी द्यावे, अन्न देऊ नये. ‘त्याला उपाशी ठेवणे क्रूरपणाचे नाही का?’ असे ग्राहक वारंवार विचारतात. उन्हाळ्यात नीट खाल्लेल्या निरोगी प्रौढ कासवाकडे हिवाळाभर पुरेल एवढी चरबी असते. त्याला या काळात खरी गरज असते ती पाण्याची. उपासाच्या दिवसांत दर दोन-तीन दिवसांनी उथळ कोमट पाण्यात वीसेक मिनिटे बसवल्यास ते पाणी पिते आणि पोटही साफ होते. झोपण्यापूर्वी वजन करून ते लिहून ठेवावे. वसंतात काही बिघडलेच, तर आम्ही आणि आपले पशुवैद्यही पहिल्यांदा तेच विचारतो.

जागेबद्दल थोडक्यात. पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर माती दोन फुटांपर्यंत भुसभुशीत करावी, वर वाळलेल्या पानांचा जाड ढीग रचावा आणि त्यावर बारीक छिद्रांची लोखंडी जाळी घट्ट बसवावी, कारण उंदीर झोपलेल्या कासवाचे पाय कुरतडतात. पूर्व अमेरिकेतल्या जंगलांतल्या जातीला ओलसर पाला मानवतो, तर माळरानावरच्या ऑर्नेट जातीला कोरडी, वाळूमिश्रित माती लागते आणि ती अधिक खोल जाते. जिथे जमीन खोलवर गोठते, तिथे न तापवलेल्या खोलीत माती व पाला भरलेली लाकडी पेटी ठेवणे अधिक सुरक्षित. आतले तापमान ४ ते ८ अंशांच्या दरम्यान असावे. ते कित्येक आठवडे १२-१५ अंशांवर राहिले, तर कासव धड झोपतही नाही आणि धड खातही नाही. नुसती चरबी जाळत राहते.

ते जिवंत आहे ना, हे पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा उकरू नये. आमच्या हिवाळी पेटीसोबत लांब तारेचा थर्मामीटर येतो, त्याचे टोक पाल्यात पुरून बाहेरूनच आकडा वाचता येतो. पेटी घरी बनवली तरी एवढे उपकरण मात्र जरूर घ्यावे.

आम्ही ऑगस्टअखेर विक्री थांबवतो आणि ती वसंतातच पुन्हा सुरू करतो, यावर काही ग्राहक नाराज होतात. नव्या जागी आलेल्या कासवाला तिथे रुळायला आणि चरबी साठवायला पूर्ण उन्हाळा मिळायला हवा. शरदात नेलेल्या कासवाला तो मिळत नाही. याच कारणाने आजारी, हलके किंवा सुजलेल्या डोळ्यांचे कासव झोपवू नये, त्याला हिवाळाभर घरात उबेत ठेवून खाऊ घालावे. १९९५पासून बॉक्स टर्टलच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटीस या वन्य प्राणी व वनस्पतींच्या व्यापाराविषयी देशादेशांत झालेल्या कराराचे नियंत्रण आहे आणि आम्ही फक्त बंदिवासात जन्मलेली पिल्ले देतो. त्यामुळे प्रत्येक पिल्लाचे वय आम्हाला ठाऊक असते आणि त्याला पहिल्या हिवाळ्यात झोपवावे की नाही, हे आम्ही नेतानाच सांगतो.

वसंतात कासव बाहेर आल्यावर आधी कोमट पाण्यात बसवावे आणि दिवसाचे ऊन नीट मिळू लागले की अन्न द्यावे. दोन आठवड्यांत ते खाऊ लागले नाही, तर वाट न पाहता सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे आणि शरदातले वजन लिहिलेला कागद सोबत ठेवावा.