जुन्या पीसीवर डिस्प्ले का येत नाही? गोष्ट १९८१ पासूनची

माळ्यावरून उतरवलेला जुना आयबीएम पीसी किंवा त्याचा एखादा क्लोन (दुसऱ्या कंपनीने केलेली नक्कल) चालू केला, एसएमपीएसचा (वीज पुरवणाऱ्या डब्याचा) पंखा फिरला, फ्लॉपी ड्राइव्ह एकदा खरखरली, पण पडदा काळाच राहिला, की ‘मॉनिटर गेला’ असा निकाल लगेच लागतो. हा निकाल बऱ्याचदा चुकतो. या पिढीच्या यंत्रांत सगळे भाग धडधाकट असूनही डिस्प्ले न येण्याची पुरेपूर सोय होती, आणि ती खुद्द आयबीएमनेच करून ठेवलेली होती.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पहिला पीसी, म्हणजे ‘५१५०’, जाहीर केला. त्याच्या मदरबोर्डवर डिस्प्लेची काहीच व्यवस्था नव्हती. पाच स्लॉटपैकी एकात वेगळे कार्ड बसवायचे, आणि अशी कार्डे पहिल्याच दिवशी दोन होती. कचेरीतल्या कामासाठी एमडीए: फक्त मजकूर, एका ओळीत ८० अक्षरे, २५ ओळी, हिरव्या रंगाचा ‘५१५१’ मॉनिटर. रंग आणि चित्रे हवी असतील तर सीजीए: ३२० बाय २०० ठिपके आणि चार रंग, किंवा ६४० बाय २०० आणि दोनच रंग. एमडीएचे अक्षर ९ बाय १४ ठिपक्यांच्या चौकटीत बसे, सीजीएचे ८ बाय ८ मध्ये. दिवसभर आकडे वाचणारा माणूस एमडीएच घेणार हे उघड होते.

सीजीए हे अमेरिकी टीव्ही डोळ्यांसमोर ठेवून आखलेले कार्ड. मदरबोर्डवरचा मुख्य क्रिस्टल १४.३१८ मेगाहर्ट्झचा आहे, तो एनटीएससी, म्हणजे अमेरिकी टीव्ही पद्धतीच्या, रंगसंकेताच्या बरोबर चौपट. त्याला तीनने भागले की प्रोसेसरचा ४.७७ मेगाहर्ट्झ वेग मिळतो. म्हणजे प्रोसेसर किती वेगाने पळणार हे टीव्हीच्या रंगांनी ठरवले! क्रिस्टलजवळ एक छोटा ट्रिमर (वेग किंचित जुळवायचा स्क्रू) असतो. सीजीएच्या गोल कंपोझिट जॅकमधून टीव्हीला जोडल्यावर चित्र येते पण रंग येत नाहीत किंवा भलतेच येतात, तेव्हा आधी तो ट्रिमर किंचित फिरवून पाहावा. आपल्याकडच्या जुन्या, फक्त पाल या इथल्या प्रसारणाच्या पद्धतीच्या टीव्हीवर मात्र तो कितीही फिरवला तरी रंग यायचे नाहीत.

खरी गोम आहे मॉनिटरच्या नऊ पिनांच्या प्लगमध्ये. एमडीए आणि सीजीए दोन्हींना आयबीएमने अगदी एकसारखा कनेक्टर दिला. एमडीए सेकंदाला १८,४३२ आडव्या रेषा काढते, सीजीए सुमारे १५,७००. वायर हव्या त्या कार्डात घुसते, पण मॉनिटरला दुसऱ्याची लय पेलत नाही. रंगीत मॉनिटर चुकून एमडीएला लावला तर बहुधा चित्र फाटते, तिरके पळते. ‘५१५१’ च्या बाबतीत मात्र नुसत्या फाटक्या चित्रावर भागत नाही. कार्डाकडून येणाऱ्या सिंकवरच (रेषांची लय देणाऱ्या संकेतावरच) त्याचे आडवे स्कॅनिंग चालते, आणि त्यावरच ईएचटी, म्हणजे ट्यूबला लागणारा हजारो व्होल्टचा दाब. चुकीची लय बराच वेळ मिळाली तर आतले भाग तापून जळू शकतात. प्लगचा आकार बदलला असता तर हा सारा प्रकारच टळला असता. इतक्या मोठ्या कंपनीने दाखवलेली ही काटकसर मला आजही अनाकलनीय वाटते.

याच रचनेमुळे आणखी एक चकवा होतो. कार्डाकडून सिंक आला नाही तर ‘५१५१’ चा पडदा उजळतच नाही, म्हणजे मेलेले कार्ड मॉनिटरला मेलेला ठरवते. शिवाय या मॉनिटरला स्वतःचे बटण नाही. त्याची वीज पीसीच्या पाठीमागच्या सॉकेटमधून येते. त्यामुळे पेचकस हातात घेण्याआधी ब्राइटनेस वाढवून पाहावा, प्लग घट्ट आहे का पाहावे आणि दुसरे कार्ड लावून पाहावे. कव्हर उघडायची वेळ आलीच, तर बंद मॉनिटरच्या ट्यूबवरही हजारो व्होल्टचा भार शिल्लक असतो हे विसरू नये.

कोणते कार्ड बसवले आहे हे मदरबोर्डला डिप स्विचने, म्हणजे बोर्डवरच्या छोट्या बटणांच्या गटाने, सांगावे लागे. ‘५१५०’ वर पहिल्या स्विचगटातले पाचवे आणि सहावे बटण त्यासाठी आहे: दोन्ही ऑफ म्हणजे एमडीए, एक ऑन एक ऑफ म्हणजे सीजीए (कोणते ऑन त्यावर ४० की ८० अक्षरे हे ठरते), आणि दोन्ही ऑन म्हणजे ज्याच्याकडे स्वतःचा बायॉस (चिपमध्ये कायमचा भरलेला, यंत्र सुरू करणारा प्रोग्राम) आहे असे पुढच्या काळातले कार्ड. यंत्र चालू करताना एक लांब आणि दोन छोटे बीप आले, तर तक्रार डिस्प्ले कार्डाची आहे. आधी स्विच पाहावेत, मग कार्ड काढून त्याच्या सोनेरी कडा खोडरबराने पुसून परत बसवावे. आपल्याकडच्या प्रत्येक रिपेअरवाल्याच्या खिशात खोडरबर असे ते उगाच नव्हे.

एमडीए आणि सीजीएच्या मधली फट भरून काढली ती १९८२ मध्ये, आणि तीही एका लिपीपायी. व्हॅन सुवन्नुकुल या थाई तरुणाला आपला प्रबंध आयबीएम पीसीवर थाई लिपीत लिहायचा होता. एमडीएचा अक्षरसंच रॉममध्ये (न बदलणाऱ्या मेमरीच्या चिपमध्ये) कायमचा कोरलेला, आणि सीजीएचे ठिपके इतके जाड की थाई अक्षरे वाचवेनात. त्याने एमडीएच्याच मॉनिटरवर ७२० बाय ३४८ ठिपक्यांची चित्रे काढणारे कार्ड बनवले, तेच हर्क्युलस. पुढे लोटस १-२-३ या हिशेबाच्या लोकप्रिय प्रोग्रामने त्याला पाठिंबा दिला आणि तैवानी नकलांनी ते जगभर नेले.

नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक धोरणानंतर भारतात क्लोनचे पीक आले, त्यातली कितीतरी यंत्रे हर्क्युलसच्या नकलेवर आणि एकरंगी मॉनिटरवर चालत. थाई लिपीची अडचण देवनागरीलाही होतीच. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्टचे, म्हणजे संगणकावर भारतीय लिपी आणण्याच्या तंत्राचे, काम मोहन तांबे यांच्याबरोबर पुण्यात, १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत आले. जिस्ट कार्ड स्लॉटमध्ये बसवले की डॉसवरचे डीबेस (नोंदी ठेवायचा प्रोग्राम) किंवा वर्डस्टार (मजकूर लिहायचा) मराठीतही चालत. असे यंत्र आज हाती आले तर स्लॉटमधले अनोळखी कार्ड बिघडलेले समजून फेकून देऊ नये.

हर्क्युलसची एक खोड माहीत असावी. तिच्या चित्रांसाठी मेमरीत दोन पाने असतात, आणि त्यातले दुसरे पान मेमरीतल्या ज्या पत्त्यावर राहते, तोच पत्ता सीजीएचा आहे. एमडीए आणि सीजीए एकाच यंत्रात सुखाने नांदतात, पण हर्क्युलस पूर्ण मोडमध्ये, म्हणजे दोन्ही पाने वापरायला, गेली की शेजारच्या सीजीएशी भांडते आणि पडद्यावर कचरा दिसतो.

१९८४ मध्ये आयबीएमचे पुढचे कार्ड, ईजीए, आले: ६४० बाय ३५० ठिपके, ६४ पैकी १६ रंग. कनेक्टर? पुन्हा तोच नऊ पिनांचा! सीजीएमध्ये जी दुसरी पिन ग्राउंडला (शून्य व्होल्टला) जोडलेली, ती ईजीएने जादा लाल रंगाला दिली. कार्डाच्या पाठीवर वेगळे डिप स्विच आले, आणि ते मॉनिटरशी जुळले नाहीत की पडदा पुन्हा काळा.

ईजीएने आपला बायॉस स्वतःबरोबर आणला, आणि इथे सर्वांत फसवा प्रकार घडतो. १९८१ च्या ‘५१५०’ चा बायॉस कार्डावरचे रॉम शोधतच नाही. ती सोय २७ ऑक्टोबर १९८२ च्या बायॉसपासून आली. त्याआधीच्या यंत्रात ईजीए किंवा व्हीजीए बसवले, तर कार्ड चांगले, मॉनिटर चांगला, स्विच बरोबर, तरीही डिस्प्ले शून्य. उपाय एकच, बायॉसची चिप बदलणे.

१९८७ मध्ये आयबीएमच्या पीएस/२ या नव्या संगणकमालिकेबरोबर आलेल्या व्हीजीएने एकदाचा प्लग बदलला, पंधरा पिनांचा केला आणि संकेत अ‍ॅनालॉग केला. आज नेहमीच्या एलसीडीवर जुना पीसी पाहायचा तर आठ-बिटी स्लॉटात चालणारे व्हीजीए कार्ड हा सर्वांत सोपा रस्ता. मूळ एमडीए किंवा सीजीएचाच आग्रह असेल, तर त्यांचा डिजिटल संकेत बदलून देणारा कन्व्हर्टर लागतो, आणि एमडीएसाठी तो १८ किलोहर्ट्झ (सेकंदाला १८ हजार रेषा) स्वीकारतो का हे विकत घेण्याआधी विचारून घ्यावे.

बाकी खरोखरीचे बिघाड फार नाहीत. एसएमपीएसचा पंखा क्षणभर हलून थांबत असेल तर मदरबोर्डवरचा किंवा कार्डावरचा टँटॅलम कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) शॉर्ट असण्याची शक्यता मोठी. एकेक कार्ड काढत गेले की चोर सापडतो. पडद्यावर मधोमध एकच आडवी चकचकीत रेघ दिसली तर मॉनिटरचा उभा विभाग बसला आहे, बऱ्याचदा ड्राय सोल्डरमुळे, म्हणजे सैल पडलेल्या डागामुळे. आणि सीजीएवर ८० अक्षरांच्या मोडमध्ये मजकूर सरकताना पांढरे ठिपके भुरभुरले, तर काहीही दुरुस्त करू नये. कार्डाची मेमरी एका वेळी प्रोसेसर आणि पडदा दोघांना सांभाळू शकत नाही, त्यामुळे ही भुरभुर नव्या कोऱ्या सीजीएवरही होती.