ईश्वरप्रेमाच्या वादातून निघालेला गतीचा नियम

एकसमान त्वरणाने जाणाऱ्या वस्तूने कापलेले अंतर काढताना सुरुवातीच्या आणि अखेरच्या वेगांची सरासरी घेऊन तिला काळाने गुणायचे, हा नियम आपण गॅलिलिओच्या खात्यावर जमा करतो. प्रत्यक्षात त्याच्या तीनशे वर्षे आधी ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातील स्कोलास्टिक (म्हणजे मध्ययुगीन ख्रिस्ती विद्यापीठांच्या तर्कप्रधान परंपरेतल्या) पंडितांनी तो मांडला होता, आणि त्याची पूर्वतयारी बरीचशी ईश्वरशास्त्रात झाली होती.

बाराव्या शतकातील ईश्वरशास्त्रज्ञ पीटर लोम्बार्डच्या ग्रंथावर भाष्य करणे हा त्या काळच्या ईश्वरशास्त्राच्या अध्ययनाचा ठरलेला भाग होता. त्यात एक प्रश्न हमखास येई: माणसाच्या ठायी असलेले ईश्वरप्रेम वाढते, म्हणजे नेमके काय होते? थॉमस अक्वायनसच्या मते त्यात बाहेरून भर पडत नाही, तर ते आत्म्यात अधिक खोल रुजते. १३०८ मध्ये कोलोन येथे निवर्तलेला फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्यासी पंथाचा पंडित जॉन डन्स स्कोटस याने मात्र आधीच्या अंशांत नवे अंश मिळतात, अशी भूमिका घेतली. वरवर पाहता हा शब्दच्छल वाटेल. पण ॲरिस्टॉटलने गुण (कसे) आणि परिमाण (किती) हे वेगळे प्रवर्ग मानले होते, आणि गुणालाही अंश असतात असे एकदा मान्य केले की उष्णता, शुभ्रता, वेग या साऱ्यांविषयी गणिताच्या भाषेत बोलण्याची सोय होते.

मर्टनच्या मंडळींनी ती सोय पुरेपूर वापरली. थॉमस ब्रॅडवर्डाइनने १३२८ मध्ये बल, रोध आणि वेग यांच्या गुणोत्तरांवर ग्रंथ लिहिला. विल्यम हेट्सबरीच्या १३३५ च्या ग्रंथात सरासरी वेगाचा नियम आला. स्थिर वस्तू ६ सेकंदांत एकसमान त्वरणाने सेकंदाला १० मीटर वेग गाठत असेल, तर ती सेकंदाला ५ मीटर या स्थिर वेगाने जाणाऱ्या वस्तूइतकेच, म्हणजे ३० मीटर अंतर कापते. त्यातले ७.५ मीटर पहिल्या निम्म्या वेळात आणि २२.५ मीटर उरलेल्या वेळात; ही तिप्पटही हेट्सबरीला ठाऊक होती.

या पंडितांनी प्रयोग मात्र केले नाहीत. त्यांची उदाहरणे सारी कल्पनेतली. पॅरिसच्या निकोल ओरेमने पुढे हाच नियम त्रिकोण आणि आयत काढून सिद्ध केला. खाली पडणारी वस्तू अशाच गतीने पडते, हे डोमिनिकन या ख्रिस्ती संन्यासी पंथातल्या स्पॅनिश दोमिंगो दे सोतो याने सोळाव्या शतकाच्या मध्यास लिहिले, तेही मोजमापाविना. उतरत्या फळीवरून गोळा सोडून आणि भांड्यातून गळालेले पाणी तोलून वेळ मोजल्याचे वर्णन गॅलिलिओच्या १६३८ च्या ग्रंथात येते.